मदत हवी आहे: दोन गाड्या देऊन एक एअर-कूल्ड ९११ घेऊ का? रविवारपर्यंत कळवायचंय

आडवाटेचा_चालक
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडे पोर्शे केमन एस आणि माझदा मिआटा आहेत. दोन्ही देऊन, वर थोडे पैसे घालून, एक पोर्शे ९११ मिळते आहे. एअर-कूल्ड (म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची), लाल, कूपे. चालवून पाहिली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. केमन वेगवान आहे, बिनतक्रार आहे, पण तिच्यात सगळं गाडीच करते. या गाडीत रस्त्यावरची खडीसुद्धा स्टिअरिंगमधून हाताला कळते. मला हेच हवं होतं, कित्येक वर्षं.

घरून विरोध नाही. डीलर म्हणतो रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घेऊ की नको? ज्यांनी अशा गाड्या वापरल्यात त्यांनी कृपया लवकर सांगा.

सुमेधा_क
कुठल्या सालची? 'एअर-कूल्ड ९११' म्हणजे १९६४ पासून मार्च १९९८ पर्यंतचा काळ. १९७८-८३ ची एससी, १९८४-८९ ची कॅरेरा ३.२, नंतरची ९६४ आणि शेवटची ९९३, प्रत्येकीची दुखणी वेगळी. एससीत चेन टेन्शनर आणि खालचे हेड-स्टड. ९६४ मध्ये ऑइल गळती, सुरुवातीच्या गाड्यांत जास्तच. ९९३ मध्ये सेकंडरी एअरची भोकं कार्बनने बुजतात आणि १९९६ पासूनच्या गाड्यांत चेक-इंजिनचा दिवा लागतो. साल, गिअरबॉक्स, कागद आणि तुम्ही राहता कुठे, एवढं लिहा. त्याशिवाय काय सांगणार?

घाटराजा
मिआटा देऊ नका. बाकी काहीही करा. हलकी, मॅन्युअल, छत उघडणारी आणि दुरुस्तीला स्वस्त अशी दुसरी गाडी आज मिळत नाही. तुम्हाला हातात रस्ता हवाय ना? मिआटाला चांगले टायर आणि सस्पेन्शन टाका, दोन-तीन हजार डॉलरमध्ये काम होईल.

आडवाटेचा_चालक
@घाटराजा, मिआटा माझ्याकडेच आहे, ती कशी चालते मला माहीत आहे. प्रश्न तो नाही.
@सुमेधा_क, १९८७ कॅरेरा ३.२. सॅन होजेजवळ राहतो. गिअर छान पडतात. किंमत रास्त आहे, तिच्याबद्दल मला काही विचारायचं नाही.

सुमेधा_क
१९८७ म्हणजे जी-५० गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक क्लच, चांगलं साल. त्याआधीच्या ३.२ मध्ये ९१५ हा जुना गिअरबॉक्स असतो आणि थंड असताना दुसरा गिअर हमखास कुरकुरतो.

खटपट्या
जी-५० चं फार कौतुक होतं. नीट जुळवलेला ९१५ अजिबात कुरकुरत नाही. लोक लिंकेजचे बुश बदलत नाहीत, चुकीचं ऑइल घालतात आणि दोष गिअरबॉक्सला देतात. ९१५ हलकाही आहे. १९८४-८६ ची गाडी शोधा, पैसेही वाचतील.

सुमेधा_क
खटपट्या, त्यांच्यासमोर जी गाडी उभी आहे ती ८७ ची आहे. ९१५ जुळवायला चांगला हात लागतो आणि असे मेकॅनिक आता कमी राहिलेत. नवख्या माणसाला मी जी-५० च सांगेन.

खटपट्या
नवखा माणूस ९१५ वरच शिकतो. मी त्यावरच शिकलो. असो, गाडी अमेरिकन आहे की त्या काळात खासगीत आणलेली युरोपियन? पंख्याजवळ इंजिन नंबर कोरलेला असतो तो बघा. ८७ च्या अमेरिकन कूपेत ९३०/२५ प्रकारचं इंजिन हवं. युरोपियन ९३०/२० ची ताकद जास्त, २३१ अश्वशक्ती, पण कॅलिफोर्नियात कागदांची डोकेदुखीही जास्त.

मिलपिटसकर
कॅलिफोर्निया म्हटल्यावर पहिला प्रश्न: स्मॉग (धुराची सक्तीची तपासणी) झालंय का? सायलेन्सर मूळचा आहे का?

आडवाटेचा_चालक
स्पोर्ट्स एक्झॉस्ट आहे, आवाज अप्रतिम. स्मॉगचं डीलर बघेल. इतकी जुनी गाडी आहे, तिला स्मॉग लागतं तरी का?

रविवार_रपेट
३५ वर्षांवरच्या गाड्यांना स्मॉग माफ आहे. काळजी करू नका.

मिलपिटसकर
@रविवार_रपेट, नाही हो. पूर्ण माफी फक्त १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना. १९७६ पासून पुढे दर दोन वर्षांनी तपासणी. ३५ वर्षांची जी तरतूद तुम्ही म्हणताय ती कलेक्टर गाडीसाठी आहे. गाडीचा विमा त्या प्रकारचा हवा, रेफरीकडे (सरकारमान्य तपासनिसाकडे) न्यावी लागते, आणि तिथे सवलत मिळते ती फक्त सुटे भाग मूळचे आहेत का या तपासणीतून. धूर तिच्या सालाच्या मर्यादेत हवाच. पेट्रोलची गळती आणि टाकीचं झाकणही बघतात.

आणि धागाकर्ते, या गाड्यांवर 'स्पोर्ट्स एक्झॉस्ट' म्हणजे बरेचदा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून तिथे सरळ पाइप टाकलेला असतो. आपल्या भागात या सालच्या गाड्या रोलरवर चालवून धूर मोजतात, तिथे ती नापास होणार. कॅलिफोर्नियात विकणाऱ्यानेच चालू स्मॉग प्रमाणपत्र द्यायचं असतं, डीलर असो की घरगुती विक्रेता. ते हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळचा कॅट डीलरकडे पडून आहे का तेही विचारा, नवीन घ्यायला गेलात तर किंमत बघून बसाल.

रविवार_रपेट
बरोबर, माझ्याकडची गाडी १९७३ ची आहे म्हणून मला कधी लागलंच नाही. दुरुस्तीबद्दल धन्यवाद.

अनुज_श्टुटगार्ट
आमच्याकडे जर्मनीत हे फार सुटसुटीत आहे. गाडी ३० वर्षांची झाली आणि मूळ स्थितीत असली की एच-नंबरप्लेट मिळते. रोड टॅक्स ठरलेला, वर्षाला १९१ युरो ७३ सेंट, इंजिन कितीही मोठं असो. शहरांच्या पर्यावरण क्षेत्रातही जाता येतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून लोक मोसमी नंबर घेतात आणि गाडी मार्चनंतरच बाहेर काढतात. इकडे आलात तर त्सुफेनहाउझेनचं पोर्शे म्युझियम जरूर बघा.

जुनी_विद्यार्थिनी
एअर-कूल्ड वाचून आमच्या गल्लीतली बीटल आठवली. मागे इंजिन, पुढे डिकी, आणि सकाळी ती सुरू झाली की अख्ख्या वाड्याला कळायचं. काकांनी कितीतरी वर्षं सांभाळली. तुमच्या गाडीचा आवाज तसाच असतो का?

घाटराजा
@जुनी_विद्यार्थिनी, नातं जवळचंच. बीटलही फर्डिनांड पोर्शे यांचीच आणि १९४८ ची पहिली ३५६ बीटलच्याच भागांवर उभी राहिली. पण बीटलची चार सिलिंडरं, ९११ ची सहा, आवाज बराच वेगळा. एअर-कूल्ड तर आपली टू-स्ट्रोक चेतकही होती, पंख्याची हवा थेट सिलिंडरवर.

पुणे३०वाला
एक विचार सुचवतो. घेतलीत तर परत येताना पुण्याला घेऊन या. इथे अशा गाड्यांना फार मान आहे.

मिलपिटसकर
@पुणे३०वाला, जमणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. ही ८७ ची, डावीकडची.

आडवाटेचा_चालक
मंडळी, मी पुण्याला चाललेलो नाही. सायलेन्सरचं खरंच उपयोगी पडलं, डीलरला विचारतो. पण मूळ प्रश्न राहिला: रोज वापरायला ही गाडी चालेल का? दोन्ही गाड्या गेल्यावर हीच उरणार.

सुमेधा_क
थांबा. हीच उरणार म्हणजे? घरात तिसरी गाडी नाही? ऑफिस किती लांब?

आडवाटेचा_चालक
फ्रीमॉन्टपर्यंत, ८८० हायवेवरून. बायको मिआटाने जाते, पण ती म्हणाली काहीतरी जमवू.

सुमेधा_क
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं, सगळं उत्तर यावरच आहे.

रोज वापरता येते. ही टणक गाडी आहे, पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, नियमित चालवली तर उभ्या गाडीपेक्षा चांगली राहते. पण ८८० वर ऑगस्टमध्ये? एसी नावापुरता. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही. क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली उतरवावे लागतात. दर १५,००० मैलांना व्हॉल्व्ह ॲडजस्ट करायचे. ऑइल बदलताना दहा लिटरच्या आसपास लागतं, आणि पातळी बघायची ती इंजिन पूर्ण तापलेलं, चालू, गाडी सपाट जागी उभी असताना. थंड असताना काडी कोरडी दिसली म्हणून लोक ऑइल ओतत राहतात आणि मग ते एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

आणि विमा. या गाडीला ठरलेल्या किमतीचा कलेक्टर विमाच घ्यायला हवा, नाहीतर अपघात झाल्यावर साध्या विम्यात तिचं मोल कोणी धरणार नाही. पण असा विमा देणाऱ्या बहुतेक कंपन्यांची अट असते की घरात प्रत्येक चालकाची रोजची गाडी वेगळी हवी आणि ही गाडी ऑफिसला न्यायची नाही. तुम्ही दोन्ही गाड्या दिल्यात तर तो विमाच मिळणार नाही. दोन्ही रोजच्या गाड्या देऊन ही घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. एक द्या.

घाटराजा
सुमेधाताईंना पूर्ण अनुमोदन. मिआटा ठेवा हे मी सुरुवातीलाच म्हणालो होतो.

९९६_प्रेमी
मग ९९६ ही नंतरची ९११ का नाही घेत? १९९९ पासूनची, पाण्याने थंड होणारी, पॉवर स्टिअरिंग, चालू एसी, आणि ३.२ च्या निम्म्याहून कमी पैशात. स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक आहे, केमनसारखं इलेक्ट्रिक नाही.

खटपट्या
@९९६_प्रेमी, आणि इंजिनाच्या आतलं आयएमएस बेअरिंग गेलं की अख्खं इंजिन गेलं. धागाकर्त्यांना एअर-कूल्ड हवी आहे, ती का हवी ते त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

९९६_प्रेमी
आयएमएस क्लचच्या कामाबरोबर बदलून घेतात. त्याचा बाऊ करून लोकांनी एक उत्तम गाडी बदनाम केली. ३.२ चे व्हॉल्व्ह गाइड झिजतात त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

खटपट्या
बोलतो की. ३.२ चं खरं दुखणं तेच. धागाकर्ते, लीक-डाउन टेस्ट करून घ्या, डीलरच्या नाही, तुमच्या मेकॅनिककडे. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के गळते ते बघतात. दहाच्या आत असेल तर छान. वीसच्या वर गेली की कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. वरचं इंजिनकाम निघालं तर बे एरियात वीस हजार डॉलर सहज जातात. डीलर टेस्टला नाही म्हणाला तर तिथून निघा. आणि डीएमई रिले (इंजिनच्या संगणकाचा विजेचा स्विच) एक जादा घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका, तो गेला की गाडी जागच्या जागी बंद.

वळणात मध्येच गॅस सोडू नका, हेही सांगतो. वजन मागे आहे, मागची बाजू पुढे यायला बघते. केमनचं इंजिन मध्यात असतं, तिच्यात लागलेली सवय इथे घातक. आधी वेग कमी करा, मग वळा, आणि वळणातून बाहेर पडताना गॅस द्या. स्कायलाइनच्या वळणावळणाच्या रस्त्यावर पहिल्याच रविवारी मित्रांच्या मागे धावू नका.

मिलपिटसकर
पैशांचं एक राहिलं. बऱ्याच राज्यांत जुनी गाडी डीलरला दिली की तिची किंमत वजा करून उरलेल्यावर सेल्स टॅक्स लागतो. कॅलिफोर्नियात तसं नाही, पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे केमन डीलरला देऊन करात काहीच वाचत नाही. स्वतः विकलीत तर चार पैसे जास्त येतील.

आडवाटेचा_चालक
शनिवार रात्र. डीलर सुरुवातीला टेस्टला तयार नव्हता, मग दुसऱ्या गॅरेजात न्यायला हो म्हणाला. इंजिन नंबर ९३०/२५, कागदांशी जुळतो. गंज नाही, बॅटरीखालीसुद्धा पत्रा स्वच्छ. पाच सिलिंडर ४ ते ७ टक्के. तिसरा २२, आवाज सायलेन्सरमधून. कॅट काढलेला आहे, मूळचा त्यांच्याकडे नाही. आता काय करू? मला गाडी अजूनही हवी आहे.

खटपट्या
तिसऱ्याचे व्हॉल्व्ह आधी ॲडजस्ट करायला सांगा आणि टेस्ट पुन्हा घ्या. व्हॉल्व्ह घट्ट बसले असतील तरी असं दिसतं. आकडा उतरला तर प्रश्न मिटला. नाही उतरला तर एकासाठी हेड खोलून पाच तसेच ठेवत नाहीत, सहाही करतात. ते पूर्ण इंजिनकाम धरून किंमत बोला.

सुमेधा_क
आणि रविवारची मुदत सोडून द्या. २२ टक्के आणि कॅट नसलेली ८७ ची गाडी कॅलिफोर्नियात सोमवारीही तिथेच असेल. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्यालाही हाच आकडा दिसणार आहे.

आडवाटेचा_चालक
डीलरशी बोललो. व्हॉल्व्ह ॲडजस्ट करून पुन्हा टेस्ट, नियमात बसणारा कॅट त्यांच्या खर्चाने आणि स्मॉग प्रमाणपत्र माझ्या हातात, या तीन गोष्टी झाल्या तरच घेणार असं लिहून पाठवलं. मिआटा व्यवहारातून काढली. बायकोला सांगितल्यावर तिने पहिल्यांदा मोकळेपणाने 'घे' म्हटलं. डीलरने आठवड्याभरात कळवतो म्हटलंय.

केमन स्वतः विकतोय. २०१४, मॅन्युअल, चंदेरी, सर्व्हिसचे सगळे कागद आहेत. बे एरियात कोणाला हवी असल्यास इथेच लिहा.

९९६_प्रेमी
किती मैल झालेत? आणि पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नाही ना?

आडवाटेचा_चालक
मॅन्युअल म्हणजे मॅन्युअलच. ५२,०००.