सगळेच जंतू मारून चालणार नाही

वर एका दादांनी सुचवलंय की मोहोळकडच्या शेततळ्यात कोळंबी मरू लागली तर ब्लीचिंग पावडर टाका. कृपया कोळंबी सोडलेल्या तळ्यात हे करू नका! कोळंबीला त्रास होईलच, शिवाय जंतू सरसकट मेले की मोकळ्या जागेत आधी फोफावतो तो व्हिब्रिओ नावाचा जिवाणू; उरलेलं खाद्य त्याला आयतंच मिळतं. सगळे व्हिब्रिओ घातक नसतात. २०१३ साली पिल्लं पटापट मारणाऱ्या रोगामागे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस सापडला, पण विषाची जनुकं असलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं सुटं कडं) अंगात असेल तरच तो हा रोग करतो.

चेक ट्रेमधली (खाद्य संपतंय का ते बघायला तळ्यात सोडलेल्या ताटातली) चार कोळंबी उजेडात धरून बघा. डोक्यातलं यकृत फिकट, आक्रसलेलं आणि आतडं रिकामं दिसलं, तर खाद्य लगेच कमी करा, नमुना तपासायला द्या. औषध त्यानंतर.