पार्किंगचं चलान थकलं म्हणून लायसन काढून घ्यायचं? मला अजिबात मान्य नाही

सड्यावरचा (रत्नागिरी)

काल तालुक्याच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "पार्किंगची चलानं थकवणाऱ्यांची लायसनं सरळ निलंबित करा, आठ दिवसांत वसुली होते की नाही बघा." खाली अंगठ्यांची रांग लागली. वाचून डोकंच सणकलं. तिथे दोन ओळींत उत्तर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

लायसन म्हणजे तुम्हाला गाडी चालवता येते याचा दाखला. दारू पिऊन चालवणाऱ्याचं घ्या, मोबाईल कानाला लावून घाट उतरणाऱ्याचं घ्या, माझा पाठिंबा. तो माणूस कोणाचा तरी जीव घेईल. राम आळीत चुकीच्या बाजूला स्कूटर लावणारा अडचण करतो, आणि त्या अडचणीला दंड ठरलेला आहे. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा केलंत तर 1500. तो वसूल करा ना.

खरी गोम पुढे आहे. ई-चलान फाटतं गाडीच्या नंबरवर आणि लायसन असतं माणसाचं. पार्किंगच्या फोटोत तर गाडीत कोणी नसतंच. आमच्याकडे गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो धाकटा, गणपतीत घेऊन फिरतो मेहुणा. लायसन कोणाचं घेणार? ज्या म्हाताऱ्या माणसाने वर्षानुवर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नाही, त्याचं?

आणि लायसन गेलं म्हणून माणूस घरी बसेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणातल्या वाड्या पाहिलेल्या नाहीत. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या पोचवणारा टेम्पोवाला थांबूच शकत नाही. तो तसाच चालवणार. पकडला गेला तर हजारोंचा दंड, वर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी म्हणणार, वैध लायसन नव्हतं. मग पुष्कळदा कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि कंपनी ती मालकाकडून वसूल करते. 500 रुपयांच्या चलानापायी जमीन विकायची वेळ येईल.

2025 मध्ये केंद्राच्या मसुद्याची बातमी आली होती, तीन महिने ई-चलान थकलं तर लायसन निलंबित. तेव्हापासून हे खूळ लोकांच्या डोक्यात बसलंय. कारण काय, तर वसुली जेमतेम 40 टक्के. ती का होत नाही ते आधी बघा. आरसीवर जुना मोबाईल नंबर, पत्ता भाड्याच्या खोलीचा. माणसाला चलान कळतच नाही.

खाडीकाठ (चिपळूण)

कळत नाही हे सोडा. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकला की सगळं दिसतं. लोकांना कळतं, भरायचं नसतं. माझ्या दुकानासमोर रोज दोन गाड्या अशा लागतात की गिऱ्हाइकाला पायरी चढता येत नाही. त्यातल्या एकाला मी चलानाचं विचारलं. म्हणाला, "लोकअदालतीत निम्म्यात सुटतं, घाई कशाला?" अशा माणसाला 500 रुपयांची भीती नाही. लायसनची आहे. मला त्याची भीतीच हवी आहे, त्याचं मतपरिवर्तन नको.

कोर्टनाका

दोघेही कायदा बाजूला ठेवून बोलताय. मोटार वाहन कायदा 1988, कलम 19. परवाना निलंबित करायची कारणं तिथे दिली आहेत. सराईत गुन्हेगार, दारूचं व्यसन, लोकांना धोका होईल असं चालवणं, फसवून मिळवलेला परवाना वगैरे. त्यातही आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते, कारणं लिहून द्यावी लागतात, 30 दिवसांत अपील करता येतं. नुसते पैसे थकले हे त्या मूळ यादीत बसत नाही. आणि 2021 चा नियम 167 अ म्हणतो की कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची. चुकीच्या जागी थांबणं, गाडी लावणं त्यात येतं. पाठवली का, हे आधी विचारा.

खाडीकाठ

वकिलांना तारखा हव्यातच. इथे रस्ता अडलाय.

कोर्टनाका

तारखांवर माझं पोट भरतं असं सुचवायचं असेल तर सरळ बोला. चलानाच्या प्रकरणात मी कोणाकडूनही फी घेत नाही.

रापण (मालवण)

माझी गोष्ट ऐका मगे बोला. मी दुसऱ्याची गाडी चालवतंय, पर्यटक घेऊन तारकर्ली, देवबाग, जेटी. मालकाच्या तीन गाड्यो. एका गाडीर पार्किंगची चलानां साचली, ती गाडी मी कधी चालवकच नाय. मालकान माझ्या पगारातसून कापल्यान. मालक म्हणालो, तुम्हीच कोणीतरी लावलात. आता पैशे गेले, ते मी सोसलंय. उद्या लायसन गेला तर मी काय करू? माका दुसरा काय येणा नाय. जेटीकडे मे महिन्यात उभ्या रवाक जागा नाय, किल्ल्यार जाणाऱ्या लोकांका खय उतरवायचा ता सांगा. गाडी थांबवली की फोटो.

आजोळ (डोंबिवली)

रापण यांचं म्हणणं पटलं. आम्ही गणपतीला गावी येतो तेव्हा हेच. बाजारात सामान घ्यायला थांबलो की चलान. वर्षातून एकदा आपल्याच गावी यायचं आणि गुन्हेगारासारखी वागणूक. पार्किंगची जागा कुठे आहे ते तरी दाखवा.

भाटी

आपल्याच गावी? चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारपेठेत गाडी आडवी लावून दीड तास माटवीचं (गणपतीवरच्या सजावटीचं) सामान निवडत बसता तुम्ही. आम्ही बाराही महिने त्याच रस्त्याने जातो.

आजोळ

आमच्या पैशावर तुमचा बाजार चालतो त्या पाच दिवसांत. घर आमचंही आहे, घरपट्टी आम्हीही भरतो.

भाटी

घरपट्टी भरलीत म्हणजे रस्ता विकत घेतलात का? आणि पाच दिवसांच्या बाजाराचं ऐकवू नका. मे महिन्यात एमएच 12 आणि 09 च्या गाड्या थेट पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत उतरतात, रुततात, मग आमच्या ट्रॅक्टरला हाका. त्यांचं लायसन कोण घेतंय? सगळा नियम गावच्या रिक्षावाल्याला.

आजोळ

मी पुण्याचा नाही की कोल्हापूरचा नाही. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. आधी मुंबई-गोवा हायवे पूर्ण करा म्हणावं. पनवेल-इंदापूर 84 किलोमीटरचं काम 2011 ला सुरू झालं. रात्रभर खड्ड्यांतून येऊन माणूस कावलेला असतो, तो नाक्यावर दहा मिनिटं थांबणारच.

खाडीकाठ

हायवेचा राग आम्हालाही आहे. कंबरडं आमचंही मोडलंय. पण खड्डा सरकारने ठेवला म्हणून तुम्ही माझं दार अडवायचं, हा हिशेब मला कळत नाही.

माहेर गुहागर

हायवे, चाकरमानी, पुणेकर, हे सगळं बाजूला ठेवा. मी एक सांगते. सासूबाईंना रात्री छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली, पण आमच्या आळीच्या तोंडाशी एक गाडी लावलेली होती. मालक पाहुणा होता, कोणाकडे उतरलाय ते कोणाला ठाऊक नाही. शेवटी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत नेलं. त्या वाचल्या, पण डॉक्टर म्हणाले उशीर झाला. त्यांचा डावा हात आजही नीट उचलत नाही. सड्यावरचा म्हणतात, पार्किंगवाला फक्त अडचण करतो, जीव घेत नाही. त्यांनी हे वाक्य आमच्या घरी येऊन सासूबाईंसमोर म्हणून दाखवावं.

सड्यावरचा

ताई, तुमच्या सासूबाईंसमोर मी तसं म्हणणार नाही. आळीचं तोंड अडवणाऱ्याला माझा दंडाचा हिशेब लागू करू नका, त्याची गाडी त्या क्षणी उचलायला हवी होती. माझा प्रश्न तरीही तोच आहे. त्या रात्री त्या माणसाचं लायसन निलंबित असतं तर गाडी तिथून हलली असती का? लायसन तीन महिन्यांनी जाणार, आळी आज मोकळी हवी.

माहेर गुहागर

आधीच्या चलानांवर लायसन गेलं असतं तर तो गाडी घेऊन आलाच नसता.

सड्यावरचा

किंवा आला असता, लायसन नसताना, विमा नसल्यासारखा. मला तो माणूस जास्त भयंकर वाटतो.

सातासमुद्रापार (सॅन होजे, मूळ देवरूख)

इकडचं सांगतो. कॅलिफोर्नियात ट्रॅफिकचा दंड भरला नाही म्हणून लायसन निलंबित करायचे. 2017 मध्ये राज्याने ते बंद केलं. कारण साधं होतं. ज्यांच्याकडे पैसे होते ते आधीच भरत होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांचं लायसन गेलं, कामावर जाता येईना, मग दंड भरणार कशातून? पार्किंगचा दंड थकला तर इथे गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण अडतं. दंड गाडीला, अडवणूकही गाडीची.

भाटी

अमेरिकेत घराघरापुढे दोन गाड्या मावतात. आमच्याकडे दोन घरांत मिळून एक बोळ.

सातासमुद्रापार

बोळाचा मुद्दा मान्य. बाकीचं खोडून दाखवा.

रापण

ओरोसाक आमच्या जिल्ह्याच्या आरटीओत एकदा जावन बघा. दोडामार्गाच्या माणसान लायसनसाठी थय चार फेऱ्यो मारूच्यो, तर त्येच्या मजुरीचे चार दिवस गेले. दंडापेक्षा ती मजुरी जास्त. ह्या कोणी धरीनत नाय.

कोर्टनाका

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आणि रापण, पगारातून कापलेल्या पैशाचं लेखी काही आहे का? चलानावर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर असतो. त्या दिवशी तुम्ही कोणती गाडी चालवत होतात, हे भाड्याच्या नोंदीवरून दाखवता येईल. निरोप पाठवा, कागद बघतो. पैसे लागणार नाहीत.

रापण

वही असा माझ्याकडे. पाठवतंय.

आजोळ

भाटी, पुढच्या चतुर्थीला गाडी शाळेच्या मैदानात लावून चालत येईन. पण मैदान उघडं ठेवायला ग्रामपंचायतीला तुम्ही सांगा, आमचं तिथे कोणी ऐकत नाही.

भाटी

सांगतो. लावलीत तर बरं. बघू.

खाडीकाठ

ठीक आहे. रापणसारख्याचं लायसन जावं असं मलाही वाटत नाही, तेवढं सोडतो. पण मग गाडी सोडणार नाही. तीन चलानं थकली की चाकाला जॅमर, पैसे भरेपर्यंत गाडी जागची हलता कामा नये. नावावर करताना, पासिंगला, सगळीकडे अडवा. याला तरी विरोध करू नका.

सड्यावरचा

पासिंगला अडवा, नावावर करताना अडवा, माझा विरोध नाही. जॅमर मात्र आळीच्या तोंडाशी लावलेल्या गाडीला लावलात तर अँब्युलन्स पुन्हा अडेल, तिथे टोइंगच हवं. आणि त्याआधी पार्किंगचे सम-विषम तारखांचे बोर्ड लावा. आमच्याकडे अर्ध्या रस्त्यावर ते पावसाने पुसले गेलेत, उरलेल्यांवर वाढदिवसाचे बॅनर आहेत. बोर्ड न दिसणाऱ्या जागेचं एकही चलान मी खरं धरणार नाही.

खाडीकाठ

बॅनरचं नगरपालिकेला मी लेखी दिलंय, पोच माझ्याकडे आहे. तुमच्याकडचं तुम्ही द्या.