वाचाघात आणि स्मृतिभ्रंश: दोन्हींसाठी एकच आधारगट चालवावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझे वडील, ज्यांना घरात आम्ही अण्णा म्हणतो, एकतीस वर्षे एसटीत वाहक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात पुष्कळसा सुधारला, वाचा मात्र अडखळतच राहिली. यालाच वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. अण्णांचा प्रकार असा की समोरच्याचे बोलणे त्यांना बहुतेक कळते, पण स्वतःचा शब्द वेळेवर ओठांवर येत नाही.

आत्या कुठे राहते असे विचारले, तर "केळघर" हा एकटा शब्द त्यांना सापडत नाही. मग ते डोळे मिटून "सातारा, मेढा, केळघर" अशी जुन्या मार्गावरची गाडी सोडतात आणि केळघरला थांबतात. आपण मध्येच घाई केली की गाडी थेट महाबळेश्वरला जाते. ते मान हलवतात आणि पुन्हा साताऱ्यापासून सुरुवात करतात. वार, पाढे, आरत्या अशा पाठ झालेल्या मालिका वाचाघातात पुष्कळदा शाबूत राहतात आणि त्यांचा आधार घेऊन शब्दापर्यंत पोहोचता येते, हे आम्हाला साताऱ्याच्या स्पीच थेरपिस्टबाईंनी समजावले.

फिजिओथेरपीच्या बाकावर ओळख झालेली आम्ही तीन कुटुंबे गेल्या दिवाळीपासून वाईत दर शनिवारी दुपारी चार वाजता एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जमतो. तिघांचीही तऱ्हा वेगळी आहे. एक काका प्रत्येक गोष्टीला "तेच, तेच" एवढेच म्हणतात, पण राग, होकार, थट्टा सगळे त्या दोन अक्षरांच्या चढउतारात असते. (ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतील वाणीचे स्थान दाखवले, तोही "टाँ" या एकाच अक्षरावर बोलत असे, हे वाचल्यावर काकूंना फार धीर आला.) एक आजी हरिपाठ न अडखळता म्हणतात, पण पाणी मागायचे झाले की हात घशाशी नेतात. आमचा नियम एकच आहे: कोणी मागितल्याशिवाय त्याचे वाक्य पुरे करायचे नाही, मनात दहा अंक मोजायचे. ऐकायला सोपा वाटणारा हा नियम आम्हा घरच्यांनाच सर्वांत अवघड जातो.

अडचण उन्हाळ्यात सुरू झाली. गटाविषयी ऐकून आणखी दोन कुटुंबे आली. त्यांच्या घरातील व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. त्यांना नाही कसे म्हणायचे? त्यांनाही शनिवारचे दोन तास मोकळा श्वास हवाच असतो. परंतु वाचाघातात भाषा अडते आणि स्मृती, नाती, बरेवाईट समजणे बहुतांशी टिकून असते. स्मृतिभ्रंशात बोलणे कदाचित सुरळीत असते आणि आठवणच निसटत जाते. नव्याने आलेल्या मावशी दर पाच मिनिटांनी "माझी गाडी किती वाजता?" असे विचारतात. एसटीचा प्रश्न म्हटल्यावर अण्णा उत्तर द्यायला सरसावतात, शब्द जुळवतात, कपाळावर घाम येतो, आणि उत्तर तयार होईपर्यंत मावशी प्रश्न विसरलेल्या असतात. पहिल्या दोन शनिवारी अण्णा रागावून उठून गेले. तिसऱ्या शनिवारी त्यांनी डाव्या हाताने पाटीवर "६" लिहून ती मावशींसमोर ठेवली. मावशी आता पाटी वाचतात आणि काही वेळ शांत बसतात.

ही पाटी पाहून मला वाटते की एकत्र बसण्यात काही तरी आहे. पण गटातील एका मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले, "आमच्या बाबांचं डोकं शाबूत आहे, त्यांना विसराळू लोकांत बसवू नका." मला ते शब्द लागले, तरी त्यामागची धास्ती मी ओळखते. एका बँकेत अण्णांच्या देखत अधिकाऱ्याने मला विचारले होते, "यांना कळतं का?" अण्णांनी पासबुकावर डावी मूठ आपटली, आणि ती मूठच जणू त्यांना काही कळत नसल्याचा पुरावा ठरली.

तेव्हा ज्यांनी असे गट चालवले आहेत किंवा अशा गटात घरच्यांना नेले आहे, त्यांनी कृपया सांगावे: दोन्ही प्रकारच्या व्यक्ती एकत्र बसवाव्यात, की कार्यक्रम वेगळे ठेवून फक्त सांभाळणाऱ्यांनी एकत्र बोलावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण खोली एकच आहे. रोजच्या गरजांची मराठी चित्रपाटी कोणी तयार केली आहे का? आम्हाला मिळालेल्या पाटीवर पाव आणि सूप आहे. भाकरी, पेज, कवळी, जपमाळ यांपैकी काही नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचाही प्रश्न आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोष हा स्वतंत्र प्रकार असून त्यात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे, तरी आम्हाला फक्त हाताची तपासणी करून परत पाठवण्यात आले. भाषेची तपासणी मागताना नेमका कोणता अहवाल सोबत नेला, हे अनुभवींनी लिहावे.

प्रतिसादांनंतरची भर: सर्वांचे आभार. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी व श्रवण दोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत एकदा जाऊन येण्याची सूचना पटली. दर आठवड्याला वाईहून मुंबई जमणार नाही, पण एक सविस्तर तपासणी आणि लेखी अहवाल तेथून घेता येईल. बँकेबाबत ज्यांनी लिहिले त्यांचे बरोबर आहे: सही करता न येणाऱ्या ग्राहकाचा अंगठा बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर घेता येतो आणि त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. पुढच्या खेपेस तेवढेच शांतपणे मागू.

या शनिवारी खोलीत दोन टेबले मांडणार आहोत. एकावर शब्दांचे खेळ आणि दुसऱ्यावर जुने फोटो. कोणी कोठे बसावे हे ज्याचे त्याने ठरवायचे. "तेच"वाल्या काकांनी आत्ताच फोटोंच्या टेबलाकडे बोट दाखवले आहे.

अण्णांच्या पाटीचा फोटो दोघांनी मागितला होता. मी अण्णांना विचारले, ते नाही म्हणाले, म्हणून टाकत नाही.