स्कॉटलंड सरकारला खरा जाब कुठे विचारला जातो? गुरुवारी सभागृहात की समितीत?

क्लाईडकाठ:
ग्लासगोत राहायला आल्यापासून गुरुवारी दुपारी बाराला होलीरूडची, म्हणजे स्कॉटिश संसदेतली, प्रश्नोत्तरं चुकवत नाही. आधी विरोधी नेते फर्स्ट मिनिस्टरना (स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखांना) विचारतात, मग सोडतीत नाव निघालेले सदस्य. पाऊण तासात आटोपतं आणि हाती काही लागत नाही, असं माझं ठाम मत झालंय. ग्लेन सॅनॉक्स ही फेरीबोटच घ्या. २०१५ साली दोन बोटींचं काम ९.७ कोटी पौंडांना दिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जनबाईंच्या हस्ते बोट पाण्यात उतरली तेव्हा तिच्या खिडक्या चक्क रंगवलेल्या होत्या! प्रवासी घेऊन ती निघाली जानेवारी २०२५ मध्ये. मधले सगळे गुरुवार उत्तर एकच: दिरंगाईबद्दल दिलगिरी, पण बोट बांधणाऱ्या यार्डातल्या नोकऱ्या वाचवल्या. खोलात शिरली ती लोकलेखा समिती. तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टर्जनबाईंनाच साक्षीला बसवलं. तिथे टाळ्या नाहीत, बाकं वाजवणं नाही, एकाच मुद्द्यावर पाच-सहा उपप्रश्न.

अ‍ॅबर्डीनकर:
अजिबात पटलं नाही. मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितलं की काम फसलं तर पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी एवढी जोखीम का घेतली, याचा पुरेसा लेखी पुरावाच नाही. मग ‘मंजुरी कोणी दिली?’ हे भर सभागृहात, कॅमेऱ्यासमोर, फर्स्ट मिनिस्टरना तोंडावर विचारलं गेलं. मे महिन्यात मंजुरीचा तो कागद निघाला. समितीचा अहवाल २०२३ चा. तोवर ही बोट जिथे जाते त्या अ‍ॅरन बेटावरच्या माणसाने कोणाकडे बघायचं? समितीची बैठक तो बघत नाही हो, गुरुवारची बातमी ऐकतो.

क्लाईडकाठ:
कागद निघाला, मान्य. पण तो त्या प्रश्नांमुळे निघाला हे तुम्ही गृहीत धरताय. लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं नसतं तर विरोधकांना ‘मंजुरी कोणाची’ हे सुचलं तरी असतं का?

मु. पो. कराड:
समितीचं एवढं कौतुक नको. सभागृह १२९ जणांचं, त्यातून मंत्री वजा करा. वरिष्ठ सभागृह नाही, म्हणजे सगळी चाळणी समित्यांनीच लावायची. बसणारे शेवटी पक्षाचेच. सत्ताधारी सदस्य आपल्याच मंत्र्याला किती टोचणार?

मला दोघांपेक्षा लेखी प्रश्न मोलाचा वाटतो. अधिवेशन चालू असेल तर साधारण दहा कामकाजी दिवसांत उत्तर, तेही कोणालाही वाचता येईल असं. आपल्याकडच्या तारांकित प्रश्नांची छापील यादी आठवा: ‘हे खरे आहे काय?’ आणि समोर ‘हे अंशतः खरे आहे.’ त्या ‘अंशतः’वर उपप्रश्न विचारायला आमदार उभा राहतो तेवढ्यात गोंधळ होतो आणि तास संपतो. पण छापलेलं उत्तर राहतं, पुढच्या अधिवेशनात तेच पुढे करता येतं.

अ‍ॅबर्डीनकर:
लेखी उत्तर अधिकारी लिहितो. गुरुवारी मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं, आणि उत्तर टाळलं तर ते टाळणं आख्ख्या देशाला दिसतं. एवढ्यासाठी मला तो पाऊण तास हवा.

क्लाईडकाठ:
हवाच, बंद करा असं मी म्हणत नाही. उपप्रश्न वाढवा. सोडतीत नाव निघालेल्याला एकच उपप्रश्न मिळतो आणि मंत्री विषय बदलून खाली बसतात, हे दर आठवड्याला बघतोय.