चर्चिलने जग वाचवलं म्हणे. कोणाचं?

नदीकाठ: 'चर्चिल नसता तर आज आपण हे लिहायला नसतो, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचं रडगाणं आता पुरे,' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. मे १९४० मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीमार्फत हिटलरशी तह चाचपायला निघाला होता, तेव्हा हा गडी हटला नाही, हे कबूल. पण कशासाठी? ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्टबरोबर अटलांटिक सनद काढली, की प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडायचा हक्क. पुढच्याच महिन्यात पार्लमेंटात सांगून मोकळा, की हिंदुस्थानला हे लागू नाही!

तिरकस काका: हिटलर जिंकला असता तर तुम्हाला कोणती सनद लागू झाली असती? आणि बंगालचं खापर एकट्याच्या माथी का? १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांकडे गेला, तिथला तांदूळ बंद झाला. ऑक्टोबरात मिदनापूरला वादळ. साठेबाज तर आपलेच.

नदीकाठ: आणि होड्या? जपानी येतील म्हणून दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या जप्त केल्या, फोडल्या. खाडीमुखातल्या माणसाची होडी नेली की मासळी गेली, बाजार गेला, पेरायला जायची वाट गेली.

तिरकस काका: ते काम बंगाल सरकारचं. चर्चिलने धान्य आणायच्या जहाजांसाठी रूझवेल्टकडे शब्दही टाकला होता, हे सोयीने विसरलात.

नदीकाठ: एप्रिल १९४४ मध्ये! व्हाइसरॉय वेव्हेल त्याआधी किती महिने धान्यासाठी लंडनच्या मागे लागला होता? लाखो माणसं गेल्यावर टाकलेला शब्द घ्या आणि पूजा करा.

रानवाट: दोघेही लंडन-कलकत्ता खेळताय. हिंदुस्थानातून २५ लाख जण लढायला गेले, त्यांचं कोण बोलणार? इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडग्यांचं नाव इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

नदीकाठ: पगारासाठी गेले होते हो. साम्राज्याची चाकरी.

रानवाट: तोंड सांभाळून! माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीतच. पत्र्याच्या डब्यात त्यांचं मेडल आहे. पुढे राजाचं डोकं, मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. लहानपणी तो सिंह मला आजोबाच वाटायचे. घरची जमीन गहाण होती म्हणून गेले. चाकरी म्हणा खुशाल, पण त्यांच्या पगारावर आमचं घर जगलं.

नदीकाठ: आजोबांना बोललो नाही. शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा नाही.

तिरकस काका: मोठेपणा आहे तुमचा! बरं, मीही एक देतो. जुलै १९४५ मध्ये त्याच्याच देशाच्या मतदारांनी त्याला घरी बसवलं. तुमच्यापेक्षा इंग्रजांनाच तो लवकर कळला म्हणायचा.

नदीकाठ: आणि १९५१ मध्ये परत बसवला. तेही देताय का?

रानवाट: आजोबांना मी एकदा विचारलं होतं, चर्चिल कसा होता? म्हणाले, आमचा सुभेदार कसा होता ते विचार.