एसएस पॅटर्नच्या (सिकलसेल आजार असलेल्या) मुलाची दुधाची दाढ किडली, काढायची का?

मानेवाडा_पालक: मुलगा 7 वर्षांचा, वजन 18 किलो, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) चालू. खालची मागची दाढ थंड लागलं की ठणकते, म्हणून पाणीही टाळतो. घरचे म्हणतात, दुधाचीच आहे, पडेल. दाताचे डॉक्टर म्हणतात, आधी सिकलसेलच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा.

बालदंत: पडेल खरी, पण 10 ते 12 व्या वर्षी. तोवर थांबणं एसएसला परवडत नाही. पाणी कमी गेलं की क्रायसिसला (सिकलसेलच्या तीव्र वेदनांच्या झटक्याला) निमित्त मिळतं, त्यातही नागपूरचा मे महिना. दाढेत पू झाला तर तोही क्रायसिस ओढून आणतो.

आधी एक्स-रे काढा. कीड वरवर असेल तर फिलिंग. नसेपर्यंत गेली, पण हिरडीवर पुळी नाही, तर नसेचं काम करून स्टीलची कॅप. पुळी असेल तर दाढ काढून स्पेस मेन्टेनर (रिकामी जागा राखणारी तार) बसवा. नाहीतर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नवीन दाताला जागा उरत नाही.

सुन्न करायचं इंजेक्शन चालतं, त्यासाठी उपाशी नेऊ नका. पाणी पाजून न्या, सकाळचा नंबर घ्या, एसीत कुडकुडू देऊ नका.

रक्तपेढी_शेजारी: नुसतं 'फिट' लिहिलेली चिठ्ठी कुचकामी. तिच्यात नेहमीचं हिमोग्लोबिन, ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी (हायड्रॉक्सीयुरियाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात), शेवटचा क्रायसिस कधी आला, आणि आधी अँटिबायोटिक द्यायचं की नाही, एवढं लिहून घ्या. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला) लागूनच आहे, दोन्हीकडची कामं जोडून होतात.

दुखलं तर पॅरासिटामॉल, 15 मिग्रॅ प्रति किलो. 18 किलोला 5 मिलीत 250 मिग्रॅवालं सिरप साधारण 5 मिली, दोन डोसांमध्ये 6 तासांचं अंतर. पण आधी ताप मोजा, औषधाने तो झाकला जातो. 101 फॅरनहाइटच्या वर असेल तर दाढ बाजूला ठेवा, थेट दवाखाना गाठा.

बालदंत: एक राहिलंच. सिकलसेलमध्ये कीड नसतानाही दात किंवा जबडा दुखतो, कधी खालचा ओठ बधिर होतो. रक्तपुरवठा अडल्याने होतं हे. एक्स-रे न बघता दात उपटू देऊ नका.

थॅलेसेमिया_आई: आमच्या थॅलेसेमियाचं गणित वेगळं. डेफेरिप्रोन (अंगातलं जास्तीचं लोह काढणारी गोळी) चालू असताना घसा दुखून ताप आला किंवा तोंडात फोड उठले, तर जेल लावत बसू नका. गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी करा, पांढऱ्या पेशी एकदम खाली गेलेल्या असू शकतात.