कंटेनरचं घर म्हणे निसर्गाला पूरक!

अनगोळकर: काल इथं कुणीतरी समुद्राकाठच्या शिरोड्याजवळच्या 20 फुटी कंटेनरच्या केबिनचा फोटो टाकला. खाली ओळ, 'कमीत कमी सामान, निसर्गाला धक्का नाही'. डोकं फिरलं. लोखंडी डबा एप्रिलात तापणार, मग आतून थर्माकोल, वर एसी. पत्रा खारी हवा खाणार ते वेगळंच. त्यापेक्षा चिरा, म्हणजे जांभा दगड घ्या, तिथल्या तिथं निघतो. दोन्हीकडं पडवी, समोरासमोर खिडक्या, वर मंगलोरी कौलं. झालं की!

टिळकवाडीकर: फोटो माझाच. चिरा काय झाडाला लागतोय? खाणी बघून या एकदा. डबा जुना होता, भंगारात जायचा. खांबांवर ठेवलाय, उद्या उचलला तर जमीन होती तशी.

खानापूरची: कौलं म्हणतायसा, पण परतणार कोण? मे उजाडला की आमचे बाबा वर चढायचे. फुटकं काढायचं, नवं सारायचं. आम्ही पोरं खालून एकेक हातात द्यायचो. आता माणूसच मिळेना. गेल्या पावसात धार थेट देव्हाऱ्यावर, समईत तेल कमी पाणी जास्त. त्यात माकडं. शेवटी पत्रा घातला.

अनगोळकर: पत्रा? मग रात्रभर ताशा ऐका.

खानापूरची: ऐकतो की, कोरड्या अंथरुणात. तुमचं घर स्लॅबचं, कौलाचं कौतुक करायला तुमचं काय जातंय!

निपाणीकर: अवो, भरतीरेषेपासून किती लांब ते बोला. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत, ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटर सोडायचे. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांना 50. चिरा असो नाहीतर डबा.

टिळकवाडीकर: माडांच्या मागं, तीनशे पावलं.

निपाणीकर: पावलं कुणाची? मोजणीवाल्याची की तुमची?

अनगोळकर: आमच्या मावशीचं घर मालवणात. 2021 च्या तौक्ते वादळात कौलं पत्त्यांसारखी उडाली, कबूल. पण चिऱ्याची भिंत तसूभर हलली नाही.

टिळकवाडीकर: दोन टनांचा डबा काय पतंग आहे? आणि एसी नाही आत, उगाच बोलू नका. वर माडाची झापं टाकलीत, गार राहतंय.

अनगोळकर: म्हणजे डब्यावर झोपडीच बांधलासा! मग डबा कशाला?

खानापूरची: ते राहू दे. झापं दरवर्षी बदलायला माणूस मिळतोय काय तिकडं? असला तर नंबर द्या, आमच्या गोठ्यावर अजून कौलंच आहेत.